अण्णांच्या पटरची ग्रिप

कांता आली तेव्हा मी अण्णांचे मैदानावरचे बूट अंगणात उन्हाला ठेवत होते. तळाच्या खिळ्यांमध्ये वाळकं गवत अडकलं होतं. ते काढावं की राहू द्यावं, हे मला ठरवता येत नव्हतं.

"ताई, गाडी बाराला येणारे ना?" तिने फाटकातूनच विचारलं.

तिचा पटर, गोल्फची ती आखूड स्टिक, तिच्या खांद्यावर होता, शेतावरून परतणारी बाई खुरपं-कुदळ टाकते तसा. पायात चपला होत्या आणि केस ओले.

"तुला कोणी सांगितलं?"

"मैदानावर सगळ्यांना माहितीये. कर्नलसाहेबांचा भाचा सेट न्यायला ड्रायव्हर पाठवतोय."

तो सोमवार होता. माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि माझी रजा संपत आली होती. देवळाली कॅम्पातल्या गोल्फच्या मैदानावर त्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या बॅगा वाहिल्या, आणि त्यातली शेवटची काही वर्षं बाकीच्या कॅडींना कामं वाटून दिली. सोमवारी मैदान मेंबरांना बंद असे. त्या दिवशी कॅडींनी खेळायचं, अशी जुनी रीत होती. अण्णा खेळत ते कर्नल बिलिमोरियांच्या स्टिकांच्या सेटने. "मी आहे तोवर तू वापर," असं म्हणून कर्नलसाहेबांनी तो त्यांना दिला होता. आता कर्नलसाहेब अंथरुणाला खिळले होते, अण्णा गेले होते, आणि भाच्याला सेट हवा होता. त्यात गैर काही नव्हतं.

कांता गांगुर्डे तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिचे वडीलही कॅडी होते, ते गेल्यावर बाराव्या वर्षापासून ती बॅगा उचलायला लागली. एका सोमवारी अण्णांनी तिला बाभळीच्या फोकाने खडे उडवताना पाहिलं आणि तिच्या हातात कर्नलसाहेबांची सात नंबरची स्टिक दिली. तेव्हापासून सात वर्षं अण्णांचे सोमवार तिचे होते. मी सव्वीस वर्षांची, शाळेच्या ग्रंथालयात कामाला. सोमवारी संध्याकाळी घरी आले की अण्णा उन्हाने लाल झालेले आणि बोलके असायचे. "आज कांताने चौथ्या भोकावर काय केलं माहितीये," इथून सुरुवात व्हायची. मी पुस्तक उघडून बसायचे. बाकीच्या सहा दिवसांत ते बोलत नसत असं नाही, पण इतकं नाही.

"काय हवंय तुला?" मी विचारलं.

"अण्णांचा पटर बघायचाय."

"तो कर्नलसाहेबांचा आहे. चौदाच्या चौदा स्टिका परत द्यायच्यात."

"पटर द्या ना परत. मला नुसती त्याची ग्रिप हवीय."

पटर म्हणजे शेवटचा हलका टोला मारून चेंडू भोकात घालायची स्टिक. तिच्या दांड्यावर रबराची जी मूठ असते ती ग्रिप. कर्नलसाहेबांच्या पटरवरची ग्रिप अण्णांनी स्वतः बसवली होती, मी बारावीत असताना. नंतर कधी बदलली नाही. तिच्या सपाट बाजूवर, जिथे उजवा अंगठा टेकतो तिथे, चिंचोक्याएवढा खळगा पडला होता.

"गुरुवारी पुण्याला निवड आहे," कांता म्हणाली. "राज्याच्या टीमची. माझ्या पटरवर ती बसवली तर... म्हणजे कर्नलसाहेबांना कुठलीही ग्रिप चालेल ना? भाचा काय बघणारे?"

खरं सांगायचं तर त्या क्षणापर्यंत ग्रिपचा विचार माझ्या मनात आला नव्हता. मी बूट ठेवून घेणार होते, चष्मा ठेवून घेणार होते. तिने मागितली आणि मला अण्णांच्या वस्तूंपैकी तेवढी एकच हवी झाली.

"ग्रिप कापून काढावी लागते," मी म्हटलं. "कापली की संपली."

"कापायची नाही. अख्खी निघते. तुम्हाला येतं."

"मला येतं हे कोणी सांगितलं?"

"अण्णांनी. दुसरं कोण सांगणार?"

आतून आईने हाक मारली. "कोण आहे गं?"

"मी आहे मावशी."

"कांते, बस. चहा टाकते. ज्योत्स्ना, तिला उन्हात उभी नको करू."

मी आतून बॅग आणली. कांताने त्यातून पटर काढला, पण लगेच माझ्या हातात दिला नाही. अंगणातल्या फरशीवर एक खडा ठेवला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. टाचा जवळ, डावा गुडघा किंचित आत, मान एका बाजूला. टोला मारायच्या आधी तिने ओठ मिटून नाकातून श्वास सोडला. अंगठा त्या खळग्यात नीट बसला होता, जराही शोधावं न लागता.

आई चहाचे कप घेऊन दारात थांबली. "अगदी तसेच उभे राहायचे," ती म्हणाली.

"तू कधी पाहिलंस?" मी विचारलं.

"एकदा डबा द्यायला गेले होते. तू कॉलेजात असशील."

अण्णांना खेळताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांची असताना एकदा 'मला न्या' म्हणून मागे लागले होते. "मैदानावर यायचं नाही. तुझं पुस्तक कुठंय?" एवढंच ते म्हणाले होते. त्यांचं उभं राहणं मी पहिल्यांदा पाहिलं ते कांताच्या अंगावर.

"हत्यारं सगळी मैदानावरच्या शेडमध्ये आहेत," मी म्हटलं. "शेडला कुलूप आहे आणि सेक्रेटरी मुंबईला. हवेचा पंप नाही, पेट्रोल नाही. इथे कशाने काढणार?"

"काय लागतं?" आईने विचारलं.

"लांब, पातळ, टोक नसलेलं काहीतरी," कांता म्हणाली. "आणि पातळ तेलासारखं काहीतरी."

आई आत गेली आणि स्वेटर विणायची स्टीलची लांब सुई, शिलाई मशीनची निमुळत्या तोंडाची तेलाची कुपी आणि स्टोव्हच्या रॉकेलचा डबा घेऊन आली. ते सगळं तिने माझ्यासमोर ठेवलं, कांतासमोर नाही.

"दे तिला काढून," ती म्हणाली. "आपल्यात कोण खेळणार आहे?"

साडेदहा वाजले होते.

मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, कुपीतलं तेल वाटीत काढलं आणि कुपीत रॉकेल भरलं. आधी कांताचाच पटर घेतला. तिच्या ग्रिपवर हात बसवून घ्यावा म्हणून. पटर मांड्यांमध्ये धरला, ग्रिपचा खालचा काठ नखाने उचलला, त्याखाली रॉकेलचे चार थेंब सोडले आणि सुईचं टोक आत सरकवलं. सुई दांड्याला चिकटून वर न्यायची, दांड्याभोवती फिरवायची, बाहेर काढायची, पुन्हा रॉकेल, पुन्हा सुई. घाई केली की रबर आतून फाटतं. शेवटी सुई वरपर्यंत मोकळी फिरायला लागली की दोन्ही हातांनी पीळ देऊन ओढायचं. वीस मिनिटांत ती सुर्रकन निघून आली.

"बघा," कांता म्हणाली. "मला नसती जमली."

"का? त्यांनी शिकवलं नाही?"

"कितीदा म्हटलं. करू द्यायचेच नाहीत. म्हणायचे, ते घरचं काम आहे. ज्योत्स्ना करते, तिने बसवलेली फिरत नाही. तू खेळ."

मी दांड्यावरची जुनी टेप खरवडत होते. थांबले नाही.

दर रविवारी संध्याकाळी अण्णा दोन-तीन स्टिका, हत्यारं आणि पेट्रोल घरी आणायचे आणि आम्ही ओट्यावर बसून त्यांच्या ग्रिपा बदलायचो. ते फारसं बोलत नसत. "धर," "ओत," "आता," एवढंच. ग्रिपच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल ओतताना ते अंगठ्याने दाबून धरायचं काम माझं. पुढे बसवायचं कामही माझ्याकडेच आलं. काही स्टिकांना ते टेपचा एकच वेढा द्यायला सांगायचे. "हात लहान आहे," म्हणायचे. कुणाच्या आहेत विचारलं की, "आहे एक मेंबर."

कांताच्या दांड्यावरून मी टेप सोडवली. एकच वेढा होता. शेवट तिरका कापलेला. तो मी तसाच कापते.

"तुझ्या सगळ्या स्टिका अण्णा रविवारी घरी आणायचे?"

"मग? सोमवारी सकाळी परत मिळायच्या." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं," मी म्हटलं.

माझे रविवारही तिचेच होते तर. मी अण्णांचा पटर मांड्यांमध्ये घेतला.

"ताई, तुम्ही माझा राग करता, मला माहितीये," कांता म्हणाली. ती समोरच्या पायरीवर बसली होती आणि चहाच्या रिकाम्या कपाकडे बघत होती.

"राग कशाला करू?"

"अण्णाच म्हणायचे. ज्योत्स्नासमोर तुझं नाव काढलं की घरात पंखा बंद पडल्यासारखं होतं. तरी काढायचे." ती थोडं हसली. "मलाही तुमचा यायचा की. आज ज्योत्स्ना बीए झाली, आज ज्योत्स्नाने हे वाचलं. मी एकदा म्हटलं, मग तिला का नाही आणत मैदानावर? तर म्हणाले, तिने बॅग उचललेली मला बघवणार नाही. मी तेव्हा उचलूनच उभी होते. दोन बॅगा. दोन्ही खांद्यांवर."

मी सुई फिरवत होते. ही ग्रिप जुनी होती, रबर कडक झालं होतं. दोनदा सुई अडकली. तिथे थोडा जोर लावला असता तर ती फाटली असती, कोणाचीच राहिली नसती, आणि कोणी मला बोललं नसतं. मी जोर लावला नाही. पुन्हा रॉकेल सोडलं. ती निघायला पाऊण तास लागला. आतून दांडा चकचकीत, पांढरा निघाला.

दोन्ही ग्रिपा मी वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच जोडीतल्या होत्या, कुणा मेंबराने नको म्हणून दिलेल्या. रंग तोच, रेषा त्याच. फरक फक्त त्या खळग्याचा.

कर्नलसाहेबांच्या पटरसाठी घरातल्या जुन्या ग्रिपांच्या डब्यातून एक बरी ग्रिप काढली. शाळेत तक्ते लावायला आणलेली दोन्हीकडून चिकटणारी टेप माझ्या पिशवीत होती, ती दोन्ही दांड्यांवर लावली. कांताने खिशातून चेंडू ठेवायची लाकडी खुंटी काढली आणि भोकात बसवली, म्हणजे अंगठ्याने दाबून धरायला नको. ग्रिपमध्ये रॉकेल ओतून हलवलं, ते टेपवर ओतलं आणि एका दमात ग्रिप वरून खाली ढकलली. सपाट बाजू पटरच्या तोंडाशी जुळवली.

"कसलं सरळ बसवता," कांता म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला. बाराला अजून दहा मिनिटं होती.

"मी देऊन येते बॅग," कांता उठली. "तुम्ही तोवर माझ्या पटरवर अण्णांची बसवा. टेप लावून ठेवलीच आहे तुम्ही."

तिने पटर बॅगेत घातला आणि बॅग उचलली. उचलली म्हणजे तिच्याकडे पाहिलंही नाही. खांदा खाली केला आणि बॅग जिथे असायला हवी तिथे गेली. आई तिच्यामागे फाटकापर्यंत गेली. ड्रायव्हर खाली उतरून अण्णांबद्दल विचारत होता, आई सांगत होती. किती दिवस आजारी होते, काही बोलले का.

मी अण्णांची ग्रिप उचलली. आत दोन बोटं घातली आणि खळग्यावर माझा अंगठा ठेवला. तो तिरका पडला. फिरवून पाहिला, वर सरकवून पाहिला. प्रत्येक वेळी एक कड बाहेर राहत होती. कांताचा कसा बसला होता ते मला आठवत होतं.

मग मी कांताची ग्रिप घेतली, तिच्यात रॉकेल ओतलं आणि ती कांताच्याच पटरवर परत बसवली. सरळ. अण्णांची ग्रिप दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून आत नेली आणि माझ्या ट्रंकेत, हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवली. त्याला दोन मिनिटंही लागली नसतील.

ती परत आली तेव्हा मी हात पुसत होते.

"झाली?" तिने हात पुढे केला.

"मूठ आवळू नकोस. रॉकेल आहे, लवकर वाळत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत हात लावलास तर फिरेल."

तिने लगेच हात मागे घेतला आणि पटर खालच्या टोकाला, लोखंडाशी धरून उलटा उचलला. रिकाम्या वर्तमानपत्राकडे पाहिलं.

"माझी जुनी?"

"डब्यात टाकली."

"बरं."

निघताना ती आत जाऊन अण्णांच्या फोटोसमोर उभी राहिली. मग माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकले. "असू दे," म्हटलं. "उशीर होईल तुला."

मंगळवारी संध्याकाळी मी ग्रंथालयातून लवकर आले. ती येणार, हे मला माहीत होतं. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. ओल्या होत्या, सारख्या दिसत होत्या, चुकून झालं. ती आली नाही. बुधवारी आली नाही. गुरुवारी मी शाळेत एकच पुस्तक दोन मुलींच्या नावावर लिहिलं.

पुढच्या सोमवारी मी रजा घेतली होती, अण्णांच्या पेन्शनच्या कागदांसाठी. दहाच्या सुमाराला कांता आली. हातात पेढ्यांचा पुडा.

"झाली निवड," ती आईला म्हणाली.

आईने तिला जवळ घेतलं आणि रडली. अण्णा गेल्यावर मी आईला तसं रडताना पाहिलं नव्हतं. माझ्याजवळ तरी नाही.

"कशी खेळलीस? सांग," आई म्हणाली.

"सुरुवातीला वाईट. शेवटची तीन भोकं पटरने वाचवली."

"हातात अण्णाच होते ना गं. जातात कुठं?"

कांताने चहा बशीत ओतला. "हो मावशी," ती म्हणाली.

ती निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. आई आत फोटोपुढे पेढा ठेवत होती. कांताने फाटकाची कडी काढली, परत लावली.

"ताई, ती ग्रिप रॉकेल पुसून ठेवलीत ना?"

"कुठली?"

"तुमच्याकडे आहे ती."

मी फाटकाची कडी धरली.

"पेट्रोल उडून जातं. रॉकेल जात नाही, रबरात शिरतं. ते फुगतं मग. पावसाळ्यात पेट्रोल नसलं की अण्णा शेडमध्ये रॉकेलच वापरायचे, पण काढलेली ग्रिप लगेच साबणाने धुवायचे आणि सावलीत टांगायचे. घरी तुम्ही पेट्रोलच वापरायचा, म्हणून म्हटलं. तुम्हाला कदाचित..."

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी. मूठ लावल्याबरोबर."

"मग आली का नाहीस?"

"येऊन काय म्हणू? मुलगी तुम्ही आहात."

ती हे टोमणा म्हणून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मी आत गेले, ट्रंक उघडली, कपड्यांखालून पिशवी काढली. कपड्यांना वास लागला होता. फाटकापाशी येऊन पिशवी तिच्यासमोर धरली. प्लास्टिक आतून काळं झालं होतं आणि रबराला चिकटलं होतं, सोलून काढावं लागलं. ग्रिप हातात मऊ आणि जड लागली.

"घेऊन जा," मी म्हटलं. "तुझ्याच हातात ठीक आहे."

कांताने ती घेतली. आत दोन बोटं घातली, मी घातली होती तशीच, आणि सपाट बाजूवर अंगठा ठेवला. तो घसरला. तिने जागा बदलली, थोडं वर, थोडं खाली. ग्रिप उजेडाकडे धरून तिरकी केली. मग डोळे मिटून पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश, वरपासून खालपर्यंत.

"कुठंय?" ती म्हणाली.

मीही अंगठा फिरवून पाहिला. रबर सगळीकडे सारखं होतं.

रस्त्यावरून कॅम्पातल्या शाळेची बस गेली.

"मला दिली असती तर मी झिजवलीच असती," ती शेवटी म्हणाली. "वर्ष-दोन वर्षांत माझाच अंगठा उमटला असता तिच्यावर. पण तोवर तर अण्णा होते ना ताई तिच्यावर."

तिने ग्रिप माझ्या हातात परत दिली आणि बोटांना लागलेलं काळं ओढणीला पुसलं. आज सोमवार होता. ती मैदानाच्या दिशेने गेली.

मी न्हाणीत जाऊन ग्रिप साबणाने धुतली. दोनदा धुतली आणि सावलीत टांगली.

"कांता गेली?" आईने विचारलं. "जेवायला थांबव म्हणणार होते मी."

"गेली," मी म्हटलं.